शांतवनची घोंगडी

माझ्या पोळ्या यंत्रानं मोजणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. शांतवन आढाव. बरं, मोजायच्या तर गुपचूप मोजाव्यात की नाही? हा ताटातली पोळी उचलायचा, खिशातून स्टीलचं ते जाडी मोजायचं व्हर्नियर काढायचा, त्याच्या चिमट्यात पोळीचा काठ धरायचा आणि आमच्या ह्यांच्या देखत मला सांगायचा, "वहिनी, कडेला दोन मिलिमीटर, मध्ये सव्वा. लाटणं एका बाजूनं झिजलंय तुमचं." मी म्हणायची, "मेल्या, जेव आधी!" पण तो गेल्यावर लाटणं ओट्यावर फिरवून पाहिलं तर खरंच डगडगत होतं. आता अशा माणसाचा राग धरायचा तरी कसा?

आम्ही अमरावतीचे. ह्यांना भोपाळच्या कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही पिपलानीच्या क्वार्टरमध्ये राहायला आलो. भिंतीला भिंत लावून दोन क्वार्टर, पुढे दोन वाफे, मध्ये मेंदीचं कुंपण. पलीकडे कोण राहतं म्हणून दारावरची पाटी पाहिली तर 'आढाव'. मला केवढा आनंद! हळदीकुंकवाला माणूस मिळालं म्हणून मी साखरेची वाटी घेऊन गेले, तर दारात नऊवारीतली, उंच, काटक बाई. म्हणाली, "सलाम बाई. मी मार्था." मी वाटी हातात धरून तशीच उभी. मार्थाबाईंनीच वाटी काढून घेतली आणि म्हणाल्या, "आत या. ख्रिस्ती माणसं साखर खातात."

मार्थाबाई नगरकडच्या. जीभ अशी की कांदा चिरावा. त्या वर्षी नाताळात त्यांच्या घरून करंज्या आल्या आणि आमचे हे पहिला घास खाऊन म्हणाले, "दिवाळीत अशा का झाल्या नाहीत गं?" तेव्हापासून मार्थाबाईंशी माझी मैत्री आणि वैर दोन्ही एकदमच सुरू झालं.

शांतवन त्यांचा एकुलता एक. पंचविशीचा, कारखान्यात टर्नर, ह्यांच्याच शॉपमध्ये. सकाळी सहा चाळीसला तो न्हाणीत शिरायचा आणि देवाची गाणी म्हणायचा. गळा म्हणाल तर रामा शिवा गोविंदा! एक ओळ वर जायची, दुसरी कुठे जायची ते देवालाच ठाऊक, आणि गाणं देवाचंच असल्यामुळे तक्रार तरी कुणाकडे करायची? पण वेळेचा इतका पक्का की आमच्या ब्लॉकनं घड्याळं त्याच्यावर लावली होती. शांतवन रजेवर गेला की चार घरांत तरी मुलांची शाळा बुडायची.

आमच्याकडे जेवायला बसला की आधी प्रार्थना. आणि छोटी नाही हो! अन्नासाठी आभार, मग ते पिकवणाऱ्यासाठी, मग शिजवणाऱ्या वहिनींसाठी, वानखडेसाहेबांच्या, म्हणजे आमच्या ह्यांच्या, रक्तदाबासाठी, आणि एकदा तर माझ्या कुकरच्या शिटीसाठी. तोवर पुऱ्या निवून चामड्याच्या व्हायच्या. आमचे हे एक डोळा उघडून मला खुणावायचे, मी डोळे वटारायची. शेवटी एकदा मी सांगितलं, "शांतवन, आमच्याकडे गरम अन्न थंड करणं हे पाप आहे." त्यानं गंभीरपणे मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून आमच्या दारात उभा राहून, चपला काढता काढताच प्रार्थना उरकून तो आत यायचा.

त्याचं एक पालुपद होतं, "मापात असलं की पापात नसतं." दुधवाल्याला हेच, भांडणाऱ्या शेजाऱ्यांना हेच, आणि मी चिवड्यात मीठ जास्त टाकलं तर मलाही हेच.

त्या काळी कारखान्याच्या लेथवर, धातू फिरवून कातायच्या यंत्रावर, लोक काय काय करून आणायचे ते विचारू नका. लाटणी, भोवरे, पोळपाटाचे पाय. सगळं टिफिनच्या डब्याखालून बाहेर. आमच्या ह्यांनी एकदा पितळेची समई आणली. मी फुगून गेले. शांतवन आला, समईकडे बघत बसला. मग म्हणाला, "वहिनी, राग मानू नका. सुंदर आहे, पण वाकडी आहे. गेटवाल्याच्या भीतीनं केलेली दिसतेय." हे पाणी प्यायचं निमित्त करून उठून गेले. तो स्वतः कधी खिळासुद्धा आणायचा नाही. म्हणायचा, "माझ्या लेथवर करीन तेव्हा आणून देईन." मी विचारलं, "तुझं लेथ? ते कुठंय?" तर हसला नुसता.

मला कळलं ते माझ्या शिवणयंत्रामुळे. त्याचा एक दांडा तुटला, बाजारात मिळेना. शांतवननं तो रुमालात बांधून नेला आणि चौथ्या दिवशी नवा आणून दिला. मशीन असं चालू लागलं, की माहेरहून आणल्यापासून तसं कधी चाललं नव्हतं. "कारखान्यात केलास ना शेवटी?" मी त्याला चिमटा काढला. तर म्हणे, "छे! हनीफचाचांच्या शेडमध्ये." गोविंदपुऱ्यात एका म्हाताऱ्या मिस्त्रीची छोटी शेड होती, एकच जुनं लेथ. शांतवन ड्यूटी सुटली की सायकल मारत तिथे जायचा आणि फुकट राबायचा. दोन वर्षं हे चाललेलं, आणि आईला सांगितलं होतं की कारखान्यात ओव्हरटाइम आहे. मापात असलेल्या माणसाचं एवढं एकच पाप मला माहीत होतं, आणि ते त्यानं आईपासून लपवलं होतं. कारणही तसंच होतं.

मार्थाबाईंची पहिली दोन मुलं अंगावर पितानाच गेली. तिसऱ्या खेपेला त्यांनी देवाला सांगितलं, हा जगला तर तुझा, तुझ्या सेवेला देईन. म्हणून नावही शांतवन ठेवलं, म्हणजे दुखावलेल्या जिवाचं सांत्वन. सेवा म्हणजे त्यांच्या मते एकच, पोरानं पाळक व्हायचं, पांढरा झगा घालून उपासना चालवायची. त्यांच्यात एक शब्द आहे, 'पाचारण'. देवानं माणसाला नाव घेऊन कामाला बोलावणं. मार्थाबाईंच्या मते शांतवनचं पाचारण त्याच्या जन्माआधीच झालेलं होतं. कारखान्यातली नोकरी म्हणजे दोन वर्षांचा मुक्काम, चार पैसे साठवण्यापुरता. त्या दोनाची चार वर्षं झाली होती.

दिवाळीच्या सुमारास सगळं एकदम अंगावर आलं. नगरकडून धर्मशिक्षणाच्या विद्यालयाचं पत्र आलं, जागा राखून ठेवली आहे, महिन्याअखेर कळवा. आणि त्याच आठवड्यात हनीफचाचांनी आपल्या भोपाळी बोलीत सांगितलं, "को खाँ, मशीन लेना है के देखते ई रहना है? महीने भर रुकूँगा, फिर बेटे के पास चला जाऊँगा. मशीन कबाड़ी ले जाएगा." शांतवन आमच्या पायरीवर येऊन बसला. मी पहिल्यांदाच त्याला व्हर्नियरशी न खेळता बसलेला पाहिला.

"वहिनी, मला हाक ऐकू येते," तो म्हणाला, "पण ती लेथमधून येते. चांगलं काम झालं की धातूचा आवाज बदलतो, तेव्हा मला वाटतं देव शेजारी उभा आहे. झगा घालून मी उभा राहिलो तर मी खोटं बोलीन. रोज. देवाच्या घरात."

"मग आईला सांग ना."

"आईनं शब्द दिलाय. मला नाही, त्याला. तो मोडायला मी तिला कसं सांगू?"

आमचे हे आतून ओरडले, "आणि पर्मनंट नोकरीचं काय? ती कोण सोडतं? चालत्या गाडीतून उतरणारा आणि पर्मनंट नोकरी सोडणारा, दोघांनाही डोकं नसतं!" म्हणजे एका बाजूला झगा, एका बाजूला लेथ, आणि मध्ये आमच्या ह्यांचा प्रॉव्हिडंट फंड. बिचारा!

शेवटी त्यानं सांगितलं आईला. त्या दिवशी मेंदीच्या कुंपणापलीकडून एक शब्द ऐकू आला नाही, आणि मार्थाबाईंच्या घरातली शांतता म्हणजे काय ते आम्हालाच माहीत. दोन दिवसांनी त्यांनी पाळकसाहेबांना बोलावलं. गोल चेहऱ्याचा, हसरा माणूस, जुन्या सायकलवर यायचा. मलाही चहा करायच्या निमित्तानं बोलावलं होतं, म्हणजे साक्षीला. पाळकसाहेब सेवेबद्दल चांगलं बोलले. शांतवननं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "साहेब, येशू तिसाव्या वर्षी उपदेशाला निघाला. त्याआधी निदान पंधरा वर्षं तरी रंधा मारला असेल. आणि उपदेश तीन वर्षं. मी आपला प्रमाण बघतोय." पाळकसाहेबांनी रुमाल तोंडाला लावला, खोकला नव्हता तो. मार्थाबाई कडाडल्या, "तू येशू आहेस का रे मेल्या?" शांतवन म्हणाला, "नाही. म्हणून तर सुतारकामावरच थांबतो म्हणतोय."

मार्थाबाई उठून आत गेल्या. मी मागे गेले तर त्या पेटीवर बसल्या होत्या आणि डोळ्याला पदर. "त्याचं खरं असेल गं," त्या म्हणाल्या, "पोरगा खोटा नाही माझा. पण मी दिलेला शब्द मीच कसा परत घेऊ? त्यानंच सोडवायला पाहिजे मला." 'त्यानं' म्हणजे वरच्यानं. मी आपली हातातल्या कपातली साखर हलवत बसले.

आणि मग झालं ते घोंगडीचं प्रकरण. हे सगळं मला मागाहून कळलं, पण तुम्हाला आधीच सांगते, नाहीतर माझी चूक किती मोठी ते कळायचं नाही.

त्यांच्या शास्त्रात, बायबलात, कुणी एक शेतकरी आहे. त्याचं नाव मार्थाबाईंनी मला दहा वेळा सांगितलं आणि अकरा वेळा मी विसरले. देवानं त्याला लढाईवर जायला सांगितलं, आणि हा भित्रा. म्हणाला, मी खळ्यात लोकर ठेवतो. सकाळी नुसती लोकर दवानं ओली आणि भोवतालची जमीन कोरडी असली, तर मी समजेन की हाक तुझीच. सकाळी लोकर पिळली तर वाडगाभर पाणी निघालं. मार्थाबाईंनी ठरवलं, आपणही चिन्ह मागायचं. घोंगडी ओली आणि जमीन कोरडी, तर लेथ हेच शांतवनचं पाचारण. नाहीतर मुकाट्यानं झगा. दोघांनी प्रार्थना केली, आणि शनिवारी दिवे लागायच्या वेळी मार्थाबाईंची माहेरची काळी घोंगडी बाहेर वाफ्यात पसरली.

आता आमच्या ब्लॉकात पाण्याचा पाइप एकाच घरात होता. माझ्या. पहाटे पाचला नळ यायचा आणि मी उठून आधी माझ्या कोथिंबिरीला, मग कुंपणावरून पाइप टाकून मार्थाबाईंच्या वाफ्याला पाणी द्यायची. रोज. सख्ख्या बहिणीनं केलं नसतं इतक्या नेमानं. त्या रविवारी पहाटे अंधुक होतं. इथली माती काळी, घोंगडी काळी. मला बाप्पा काही दिसलं नाही! मी नेहमीप्रमाणे डोळ्यांवर झोप घेऊन दोन्ही वाफे भिजवले, चांगली दहा मिनिटं, कारण कोथिंबीर कोमेजल्यासारखी वाटत होती. पाइप गुंडाळला, आत येऊन चहा ठेवला.

सहा चाळीसला गाणं नाही. मी दचकून बाहेर आले. कुंपणापलीकडे मार्थाबाई वाफ्यात उभ्या, शांतवन पायरीवर, आणि दोघं मिळून घोंगडी पिळतायत. पाणी धो धो. मार्थाबाईंनी खाली बादली ठेवली होती, ती भरली! मला पाहून त्या ओरडल्या, "वानखडीणबाई, देवानं उत्तर दिलं! पोराचं पाचारण लेथच! शास्त्रातल्याला वाडगाभर, आमच्या शांत्याला बादलीभर!"

मी कोथिंबिरीकडे पाहिलं, पाइपकडे पाहिलं, आणि जागच्या जागी थिजले. तोंड उघडलं, पण त्या बाईच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. पंचवीस वर्षांचं ओझं उतरलेली बाई. मी तोंड मिटलं. आत येऊन ह्यांना सगळं सांगितलं. हे अंथरुणातच उठून बसले. "म्हणजे त्याची पर्मनंट नोकरी तू घालवलीस? पाण्याच्या पाइपनं?" मग डोक्यावरून पांघरूण घेऊन म्हणाले, "कुणाला बोलू नकोस."

सोमवारी शांतवननं राजीनामा दिला. हनीफचाचांची शेड भाड्यानं घेतली, लेथ घेतलं, आणि महिन्याभरात मला माझ्या कर्माची फळं दिसू लागली. काम मिळेना. मिळालं तर वीज जायची. वीज असली तर लेथचा धातू पकडणारा चक घसरायचा. शांतवन वाळत चालला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तशी माझी गत. मी रोज काहीबाही पाठवू लागले. मेथीची भाजी, पातोडीची आमटी, मुगाचे लाडू. "पोराकडे लक्ष द्या हो," मी मार्थाबाईंना सांगायची. त्या माझ्याकडे अशा बघायच्या की मला वाटायचं, यांना कळलं. पण म्हणायच्या एवढंच, "भाजीत मीठ बरोबर पडलंय आज."

आणि त्यात हा शहाणा! कारखान्यातूनच त्याला पहिली मोठी ऑर्डर मिळाली, पितळेच्या बुशांची. बुश म्हणजे दांड्याभोवती बसवायची पोकळ बांगडी. त्यानं रात्रंदिवस खपून ते केले, माल पोचवला, स्टोअरनं पास केला. आणि दुसऱ्या दिवशी हा स्टोअरमध्ये हजर, "माल परत द्या." का? तर म्हणे घरी येऊन आपलं व्हर्नियर तपासलं, ते स्वतःच केसभर चुकत होतं. स्टोअरवाला म्हणाला, "अरे भाई, हमने तो पास कर दिया!" शांतवन म्हणाला, "मैंने नहीं किया." माल उचलून टेंपोत घातला आणि परत. हे संध्याकाळी घरी आले ते कपाळावर हात मारतच. "एवढा मूर्ख माणूस मी पाहिला नाही! देवानं कशाला हाक मारली याला!"

देवानं कुठे, मी मारली होती. मला रडूच फुटलं. मी ठरवलं, आता सांगायचं. काय व्हायचं ते होवो. टेंपो पकडून गोविंदपुऱ्याला गेले. शेडच्या दाराशी पोचले तर आतून तेच बेसूर गाणं. शांतवन लेथपुढे उभा, कपाळाला काळं, कॉटन वेस्टच्या, सुताच्या चिंध्यांच्या, बोळ्यानं हात पुसतोय. मला पाहून म्हणाला, "या वहिनी! ऐका!" आणि मशीन चालू केलं. मला काय कळणार? पण त्यानं बोट वर करून थांबायला सांगितलं, आणि खरंच, एका क्षणाला करकर जाऊन एक लांब, गोड सूर लागला. त्याच्या गळ्यात कधी न लागलेला. तो माझ्याकडे असा बघत होता, की मी पिशवीतले लाडू काढून ठेवले आणि परत आले.

त्यानं बुश पुन्हा केले. पहिले खराब झाले म्हणून पितळ उसनवार आणून केले. आणि मग कारखान्यात असं पसरलं, की आढावचा माल मोजायची गरज नाही. आमचे हेच ते सगळीकडे सांगत फिरायचे, जसं काही त्यांनीच त्याला नोकरी सोडायला लावली होती!

पुढच्या वर्षी त्यांच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कापणीचा सण होता. शेतातलं पहिलं पीक देवाला आणायचं, उपासनेनंतर त्याचा लिलाव, आणि आलेले पैसे मंडळीला. आता टाउनशिपमध्ये कुणाचं शेत? क्लार्क लोक बाजारातून भोपळे विकत आणायचे आणि आपल्या घामाचे म्हणून मिरवायचे. मार्थाबाईंनी मलाही नेलं होतं. मंचावर भोपळे, कणसं, एक कोंबडी, आणि मध्ये स्टीलच्या ताटलीत, झेंडूच्या फुलांवर ठेवलेला एक पितळी बुश. चकचकीत.

पाळकसाहेबांनी तो उचलला, डोळ्याला लावून त्यातून आम्हा सगळ्यांकडे पाहिलं आणि विचारलं, "हे पीक कुठल्या रानातलं?"

"गोविंदपुऱ्याचं," शांतवन म्हणाला. "यंदाचं पहिलं."

लोक हसले. कोंबडी गेली, भोपळे गेले, बुशावर कुणी बोली लावेना. त्याचं करायचं काय, हा प्रश्नच होता. शांतवन मागे भिंतीला टेकून बुटांकडे बघत होता. मला राहवलं नाही. मी, अमरावतीची वानखडीण, कपाळावर हे एवढं कुंकू, ख्रिस्ती मंडळीत हात वर करून बोली लावली! आणि लगेच शेजारून मार्थाबाईंनी माझ्या वर बोली लावली. मी चढवली, त्यांनी चढवली. मी हळूच म्हटलं, "मार्थाबाई, सोडा ना, मला घ्यायचंय." त्या दातांतल्या दातांत म्हणाल्या, "गप गं. माझा पोरगा आहे." बुश काय कामाचा हे दोघींनाही माहीत नव्हतं, पण सगळी मंडळी बाकांवर चढून बघत होती. माझ्या कनवटीला होतं तेवढं संपलं तेव्हा मी हात खाली केला. मार्थाबाई तरातरा पुढे गेल्या, ताटली उचलली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "देवाला दिलेलं आहे हे. मी नुसतं सांभाळणार." बुश म्हणाल्या का पोरगा म्हणाल्या, कोण जाणे. शांतवन तोंड फिरवून भिंतीकडे बघत राहिला.

तो बुश पुढे कायम त्यांच्या शास्त्राच्या पुस्तकावर असायचा, पंख्यानं पानं उडू नयेत म्हणून. शांतवनचं लग्न झालं, एका शेडच्या दोन शेड झाल्या, आठ-दहा माणसं कामाला आली. सकाळी मशीन सुरू करण्याआधी तो टोपी काढून प्रार्थना करायचा. कामगारांत सगळ्या जातीधर्माचे, तेही आपापली टोपी काढून किंवा घालून उभे राहायचे. रविवारी मात्र शेड बंद. मार्थाबाई गेल्या तेव्हा बुश त्यांच्या उशाशी होता. मी खूप रडले. एक तर त्या गेल्या म्हणून, आणि दुसरं, त्यांना खरं सांगायचं राहूनच गेलं म्हणून.

त्यानंतर दोन वर्षांनी हे रिटायर झाले. आम्ही अमरावतीला निघालो. ट्रक दारात, सामान चढतंय, आणि शांतवन स्कूटरवरून निरोपाला आला. केस पिकलेले, खिशात व्हर्नियर तसंच. मी वाफ्याशी बसून पाइप गुंडाळत होते. पाइप काय, एव्हाना ठिगळांचाच झाला होता. त्याचे तिन्ही पितळी सांधे शांतवननंच करून दिलेले. मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही.

"शांतवन, मला तुला एक सांगायचंय. पंचवीस वर्षं माझ्या पोटात आहे." आणि मी एका दमात सांगून टाकलं. पहाट, नळ, कोथिंबीर, काळी घोंगडी. "देवानं नव्हती रे ओली केली. मी केली. तुला वाटलं पाचारण, आणि ते माझं झोपेतलं पाणी होतं. मला माफ कर."

त्यानं सगळं ऐकलं. मग व्हर्नियर काढलं, पाइपचं तोंड मोजलं. "अर्धा इंच," म्हणाला. "वहिनी, आणि जमीन?"

"कसली जमीन?"

"अट काय होती? घोंगडी ओली आणि जमीन कोरडी. मी पायरीवरून पाय खाली ठेवला तर चप्पल रुतली. सगळा चिखल. शास्त्राप्रमाणे मी सरळ नापास."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"तुमची भाजी यायला लागली तेव्हा खात्रीच पटली. पण भाजी चांगली असायची, म्हणून बोललो नाही."

"मेल्या! पंचवीस वर्षं!" मी पाइपच उगारला त्याच्यावर. मग माझ्या डोक्यात आलं. "अरे, पण मार्थाबाई? त्या तर वाफ्यातच उभ्या होत्या."

"अनवाणी," शांतवन म्हणाला. "घोट्यापर्यंत चिखलात. आणि सबंध शास्त्र तोंडपाठ. मी आईकडे पाहिलं. म्हटलं, आता म्हणेल, जमीन ओली आहे. ती म्हणाली, 'बघतोस काय, पिळ.'"

ट्रकमध्ये आमचं कपाट चढत होतं.

"आणखी एक, वहिनी. मी म्हणालो होतो, घोंगडी मागच्या अंगणात ठेवू, तिथे कुणी येत नाही. आई म्हणाली, नाही, पुढच्या वाफ्यात. वहिनींच्या कोथिंबिरीला लागून."

त्या वाफ्याला मी रोज पहाटे पाणी घालते, हे मार्थाबाईंइतकं कुणाला माहीत होतं? गुडघे धरलेली बाई, मागचं अंगण दोन पावलांवर असताना, ती जड घोंगडी उचलून पुढे आली होती.

"तू विचारलं नाहीस त्यांना कधी?"

"नाही. तिनंही सांगितलं नाही." त्यानं डोळे पुसले, कॉटन वेस्टनं पुसावेत तसे, खसाखसा. मग नेहमीचं हसू आलं चेहऱ्यावर. "वहिनी, अमरावतीला पाइप मिळतात ना?"

"मिळतात की. का रे?"

"मग हा मला देऊन जा."

मी दिला. त्यानं तो गळ्यात अडकवला, आमच्या दारात चपला काढून उभ्या उभ्या प्रार्थना केली, ह्यांच्या रक्तदाबासकट, आणि स्कूटरला किक मारून निघाला. वळणापर्यंत त्याचं गाणं ऐकू येत होतं, तसंच बेसूर. ट्रकवाला दोर आवळत बघत होता. म्हणाला, "अम्मा, वो भाईसाब इतना पुराना पाइप लेके क्या करेंगे?"

मी म्हटलं, "उनकी माँ की निशानी है."